सोळाव्या वर्षी उडी अडली, गुडघाही दुखतोय: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोळा वर्षांचा. लांब उडीत चौदाव्या वर्षी त्याची सर्वोत्तम उडी ५.७२ मीटर होती, पंधराव्या वर्षी ६.४८ झाली, आणि त्यानंतरचा अख्खा सीझन तो ६.५० च्या अलीकडे-पलीकडेच आहे. वर्षभरात उंची बरीच वाढली. ज्या पायावर तो उडी घेतो त्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, आणि स्पर्धेनंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. कोच म्हणतात, तिहेरी उडीकडे (एकाच धावेत सलग तीन टप्प्यांची उडी) वळवू. शिक्षण बाजूला ठेवून सगळा वेळ खेळाला द्यावा का, असा घरात विचार चालला आहे. आणि या खेळात पुढे करिअर म्हणून नेमकं काय असतं, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

ताई, आधी थेट उत्तर देतो. आकडा अडलाय याची काळजी करू नका, गुडघ्याची करा. पूर्ण धावेची तिहेरी उडी सध्या नको. शिक्षण सोडू नका. आणि तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला दाट शंका येते ती अशी, की अडलेली उडी आणि दुखणारा गुडघा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. दोन्हींचा उगम बोर्डाआधीच्या, म्हणजे ज्या फळीवरून उडी घेतात तिच्याआधीच्या, शेवटच्या एक-दोन पावलांत आहे. वाढत्या वयाच्या उडीपटूंमध्ये हे इतकं नेहमीचं आहे, की मी अशा मुलाचा आधी फक्त धावेचा व्हिडिओ बघतो, उडीचा नंतर.

उंचीपासून सुरुवात करू. चौदा ते पंधरा या एका वर्षात पाऊण मीटरची भर पडली, ती सगळी सरावाची कमाई नव्हती. मुलांमध्ये उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या. काहींचं हे वर्षभर आधी उरकतं, काहींचं दोन वर्षं लांबतं. स्नायूंची ताकद त्याच्या मागून येते. म्हणून त्या काळात उडी आपोआप लांबते, आणि मग मध्येच असा टप्पा येतो की पाय लांब झालेले असतात, पण ते वेगात फिरवायला लागणारी ताकद अजून आलेली नसते. पावलाची लांबी बदलते, जुना चेकमार्क (धाव सुरू करायची किंवा पावलं तपासायची खूण) जुळत नाही, कालपर्यंत हुकमी असलेली धाव अनोळखी वाटायला लागते. मुलगा गोंधळतो आणि घरचे म्हणतात, 'लक्ष नाही त्याचं'. लक्ष असतं. शरीर बदललेलं असतं. दर तीन महिन्यांनी त्याची उंची आणि वजन एका वहीत लिहून ठेवा. वाढ अजून चालू आहे की मंदावली, हे कळल्याशिवाय वर्षभराच्या सरावाचा आराखडा करणं म्हणजे अंदाजपंचे काम.

आता उडीकडे. लांब उडी ही मुळात वेगाची स्पर्धा आहे. जागतिक दर्जाचे पुरुष बोर्डाजवळ येतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला साडेदहा-अकरा मीटरच्या घरात असतो, आणि टेक-ऑफचा, म्हणजे उडी घेतानाचा, पाय जमिनीवर टेकलेला असतो सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा. इतक्या कमी वेळात शरीर फार वर ढकलता येत नाही. म्हणून पुस्तकातला ४५ अंशांचा कोन मैदानात कधीच दिसत नाही. चांगल्या उड्या साधारण २० अंशांच्या आसपास जातात. १९९१ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेत माइक पॉवेलने ८.९५ मीटरचा विश्वविक्रम केला, जो अजून टिकून आहे, आणि त्याच अंतिम फेरीत कार्ल लुईस ८.९१ पर्यंत गेला होता. लुईसच्या त्या उडीला वारा जास्त होता, त्यामुळे विक्रमासाठी ती धरली गेली नसती. पॉवेल थोडा उंच गेला, लुईस जास्त सपाट. पण बोर्डावर येतानाचा वेग दोघांचाही जबरदस्त होता. तेव्हा तुमचा मुलगा हवेत पाय कसे चालवतो, 'हँग' (शरीर ताणून लटकल्यासारखं) करतो की 'हिच-किक' (हवेत धावल्यासारखं), यावर सध्या कुणी तासन्‌तास घालवत असेल तर ते थांबवा. पाय जमिनीवरून सुटला की शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. हवेतल्या हालचालींनी फक्त पुढे कोलमडणं रोखता येतं आणि वाळूत पाय नीट पुढे टाकता येतात. सोळाव्या वर्षी एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

वेग मोजणं अवघड नाही. बोर्डापासून ११ मीटर आणि १ मीटर अंतरावर धावपट्टीच्या कडेला खुणेचे दोन शंकू ठेवा, फोन स्लो मोशनवर लावून बाजूने, शक्य तितक्या लांबून चित्रीकरण करा, आणि मधले १० मीटर किती वेळात कापले ते फ्रेम मोजून काढा. १.१२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ८.९ मीटर. ढोबळमानाने वेगात दशांश मीटरची भर पडली की उडीत आठ-दहा सेंटिमीटरची भर पडायला हवी. आता बघा: वर्षभरात हा वेग वाढला असेल आणि उडी तेवढीच राहिली असेल, तर वेग बोर्डावर वाया जातोय. वेगच वाढला नसेल, तर कारण वाढीत, थकव्यात किंवा सरावाच्या आखणीत शोधायचं. अडलेल्या उडीवर इलाज करण्याआधी या दोनांपैकी कुठलं, हे ठरलंच पाहिजे.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. त्याला बारा पावलांच्या धावेने उड्या मारायला लावा आणि त्या आकड्याची पूर्ण धावेच्या आकड्याशी तुलना करा. सहा-सात पावलं वाढवूनही जर उडीत फक्त दहा-पंधरा सेंटिमीटरच वाढत असतील, तर ती जादा पावलं त्याच्या कामाची नाहीत. बहुतेक मुलं टीव्हीवर मोठ्या खेळाडूंना वीस-बावीस पावलं धावताना बघतात आणि तेवढीच लांब धाव आखतात. सोळा वर्षांच्या मुलाला तेवढा वेग धरून ठेवता येत नाही. तो बोर्डाच्या आठ-दहा मीटर आधीच सर्वांत वेगात असतो आणि पुढे नुसता तरंगत येतो. मी या वयात चौदा पावलांच्या पुढे सहसा जाऊ देत नाही. दोन पावलं वाढवायची ती वेग वाढल्यावर, वय वाढलं म्हणून नाही.

आता त्या शेवटच्या पावलांकडे जरा जवळून बघू, कारण गुडघ्याचा धागा इथे आहे. चांगल्या उडीत शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब पडतं. त्या पायाचा तळवा जवळजवळ पूर्ण टेकतो, गुडघा वाकतो आणि कंबर काही सेंटिमीटर खाली येते. ती खाली आल्यावरच पुढच्या पावलात वर उचलली जाते. त्यानंतरचं, म्हणजे टेक-ऑफचं पाऊल आखूड आणि झटपट असतं. पाय वरून खाली, मागे खेचत असल्यासारखा पडतो, तळवा सपाट, आणि शरीर त्यावरून सरकन पुढे निघून जातं. व्हिडिओत ही दोन पावलं ऐकूसुद्धा येतात: आधीचं जरा सावकाश, शेवटचं तडकन.

मुलांची चूक जवळपास नेहमी एकच असते. धाव अनियमित असते, म्हणून बोर्ड कधी दूर राहतो, कधी जवळ येतो. तीन-चार पावलं आधी नजरेला कळतं की बोर्ड दूर आहे, आणि मग मुलगा शेवटचं पाऊल ताणतो. पाय शरीराच्या खूप पुढे, टाचेवर आपटतो. गुडघा जवळजवळ सरळ असतो. तो पाय ब्रेकचं काम करतो: वेग मरतो, आणि तो मेलेला वेग कुठे तरी जिरावा लागतो. तो जिरतो गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड दोरीसारख्या टेंडनमध्ये, टाचेत आणि कमरेत. म्हणून म्हणालो की उडी अडणं आणि गुडघा दुखणं हे एकाच पावलाचे दोन परिणाम असू शकतात. ताणलेल्या पावलाला धाक दाखवून काही होत नाही. 'पाऊल आखूड ठेव' असं ओरडल्याने मुलगा आणखी बिचकतो. धाव आखूड करा, तिची सुरुवात दर वेळी एकसारखी होईल असं बघा, म्हणजे बोर्ड आपोआप पायाखाली यायला लागतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. १९८२ मध्ये ली, लिशमन आणि थॉमसन यांनी लांब उडीपटूंच्या धावेचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं, की कसलेले खेळाडूसुद्धा यंत्रासारखे बोर्डावर येत नाहीत. सुरुवातीच्या पावलांतले छोटे फरक साठत जातात आणि शेवटच्या काही पावलांत नजरेच्या आधाराने ते दुरुस्त केले जातात. तेव्हा दुरुस्ती करणं चूक नाही, कौशल्यच आहे. प्रश्न एवढाच, की ती चार-पाच पावलांत थोडी थोडी वाटून होते की शेवटच्या एकाच पावलात एकदम. सरावात बोर्डाऐवजी अर्धा मीटर रुंद चुन्याचा पट्टा आखा, त्यात कुठेही पाय पडला तरी चालेल असं सांगा, आणि अंतर पायाच्या अंगठ्यापासून मोजा. काही आठवड्यांत ताणलेलं पाऊल सुटतं.

अंगठ्यापासून मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. स्पर्धेत अंतर बोर्डाच्या पुढच्या कडेपासून, म्हणजे टेक-ऑफ लाइनपासून मोजतात. बोर्ड २० सेंटिमीटर रुंद असतो. मुलगा बोर्डाच्या मागच्या कडेवरून उडाला, तर वीस सेंटिमीटर तिथेच गेले. गेल्या सीझनच्या स्पर्धांचे व्हिडिओ असतील तर प्रत्येक उडीत पाय रेषेपासून किती मागे होता ते अंदाजाने लिहून काढा. ६.५० ची एखादी उडी प्रत्यक्षात ६.७० ची निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणजे मुलगा अडलेला नाही, आकडा अडलाय. त्याला हे वहीत दिसलं की त्याच्या चेहऱ्यात काय फरक पडतो ते बघाच. त्याचबरोबर वाऱ्याचीही नोंद ठेवा. पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर उडी स्पर्धेत धरतात, विक्रमासाठी नाही. क्युबाचा हुआन मिगेल एचेवारिया १९ वर्षांचा असताना २०१८ मध्ये स्टॉकहोमला ८.८३ मीटर उडाला. वारा होता २.१. एका दशांशाने ती उडी त्याच्या अधिकृत नोंदीबाहेर राहिली.

हा एचेवारिया मला आणखी एका कारणासाठी आठवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो आणि ग्रीसचा मिल्टियाडिस तेंतोग्लू दोघेही ८.४१ वर होते. त्याखालोखालची उडी सरस म्हणून सुवर्ण तेंतोग्लूला गेलं. एचेवारिया त्या अंतिम फेरीत दुखापतीने लंगडत होता. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता, पण त्यानंतर मोठ्या स्पर्धांमध्ये तो क्वचितच दिसला. तेंतोग्लूने २०२४ मध्ये पॅरिसला ८.४८ ची उडी मारून सुवर्ण राखलं. एकोणिसाव्या वर्षी कोण जास्त लांब उडतो, यावरून सव्विसाव्या वर्षी कोण उडत असेल हे सांगता येत नाही.

गुडघ्याबद्दल. आधी क्रीडा वैद्यकातल्या डॉक्टरला किंवा अनुभवी फिजिओला प्रत्यक्ष दाखवा. लिहिलेल्या वर्णनावरून निदान करू नये आणि मी करत नाही. पण दुखणं नेमकं कुठे आहे हे तुम्ही बघून जा. वाटीच्या खालच्या टोकाशी दाबून दुखत असेल तर बहुधा टेंडनचं दुखणं असतं, ज्याला 'जंपर्स नी' म्हणतात. त्याच्या खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल आणि तिथे टेंगूळ आल्यासारखं वाटत असेल, तर ते वाढत्या हाडाचं, ऑसगुड-श्लॅटरचं दुखणं असू शकतं. ते बहुतेक वेळा वाढ थांबली की शमतं, पण तोवर भार सांभाळावा लागतो.

दोन्हींत पूर्ण विश्रांती हा उपाय नाही. सहा आठवडे खाटेवर घालवले की दुखणं जातं, आणि पहिल्या उडीला परत येतं, कारण त्या काळात टेंडन आणखी कमकुवत झालेलं असतं. त्याला भार लागतो, फक्त मोजून. सुरुवात स्थिर पकडीने होते. गुडघा वाकवून भार धरून ठेवायचा, पाऊण मिनिट, चार-पाच वेळा. मग सावकाश, जड वजनाचे व्यायाम. मग दोन पायांवरच्या छोट्या उड्या, आणि सर्वांत शेवटी धावेची उडी. या प्रवासाला महिने लागतात, आठवडे नाहीत. भार योग्य आहे का, हे ओळखायचा साधा निकष असा: व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यावं. तुमच्या मुलाला दोन दिवस कठडा धरावा लागतो, म्हणजे आत्ताचा भार या निकषात कुठेच बसत नाही. स्पर्धा जवळ आली म्हणून टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुखणं दबतं, टेंडन कमजोर होण्याचा धोका राहतो.

गुडघ्याच्या टेंडनची दुखापत मोठ्या खेळाडूलाही काय करते, हे भारताचा लांब उडीपटू मुरली श्रीशंकर याच्या बाबतीत दिसलं. २०२३ मध्ये तो ८.४१ पर्यंत पोचला होता. एप्रिल २०२४ मध्ये सरावात गुडघ्याला इजा झाली, शस्त्रक्रिया झाली आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं. पुन्हा स्पर्धेत उतरायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला.

गुडघ्याशिवाय दोन दुखणी अशी आहेत, की ज्यांत 'थोडं दुखू दे, चालेल' हा विचार अजिबात करायचा नाही. एक, कमरेत एका बाजूला, मागे वाकल्यावर वाढणारं दुखणं. वाढत्या वयाच्या उडीपटूंमध्ये मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. दोन, पावलाच्या वरच्या बाजूला, मध्यभागी बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी दुखणं. तिथलं हाड सहज भरून येत नाही. यात तपासणी होईपर्यंत उडी आणि वेगाची धाव बंद.

आता तिहेरी उडी. तुमच्या कोचांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिहेरीत स्पर्धक कमी असतात, चपळ मुलगा पटकन निवडला जातो, हे खरं आहे. पण तिहेरी उडीत पहिल्या उडीनंतर ज्या पायावर शरीर उतरतं, त्याच पायावरून पुन्हा उडायचं असतं. त्या क्षणी जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दहा ते पंधरा पटींपर्यंत जातो. ज्याचं टेंडन लांब उडीचाच भार पेलत नाहीये, त्याला आत्ता पूर्ण धावेची तिहेरी देणं मला मान्य नाही.

शिवाय तिहेरी उडी ही सर्वांत जोरात उडणाऱ्याची नाही, वेग सर्वांत कमी गमावणाऱ्याची आहे. ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सने १९९५ मध्ये गोथेनबर्गला १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला. त्याचे तीन टप्पे असे होते: ६.०५, ५.२२ आणि ७.०२. सर्वांत लांब टप्पा शेवटचा आहे, बघा. दोन वेळा जमिनीला टेकल्यानंतरही त्याच्याकडे सात मीटर उडण्याइतका वेग शिल्लक होता. कोवळ्या वयात तिहेरीत घातलेली मुलं नेमकं उलट शिकतात. पहिली उडी जीव खाऊन मारतात, दुसऱ्या टप्प्यात कोसळतात, आणि मग ती सवय मोडायला वर्षं जातात. एडवर्ड्स तेव्हा २९ वर्षांचा होता, हेही लक्षात असू द्या.

याचा अर्थ तिहेरीचं दार बंद करा असा नाही. गुडघा शांत झाल्यावर गवतावर, हलक्या लयीत, सहा पावलांच्या धावेने बाउंडिंग (लांब, उसळत्या ढांगा) चालू करता येईल. लय आली की आली. कुठला प्रकार त्याचा, हा निर्णय अठरा-एकोणीसपर्यंत लांबवायला काहीच हरकत नाही. माइक पॉवेल शाळेत असताना उंच उडी मारायचा. तिहेरीत १५.७४ मीटरचा विश्वविक्रम करणारी व्हेनेझुएलाची युलिमार रोहास आधी उंच उडीत होती. इटलीचा मॅटिया फुर्लानी उंच उडीतही चांगला होता, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने लांब उडीत कांस्य मिळवलं. निरनिराळ्या उड्या मारत मोठं झालेल्या मुलाचे पाय जास्त शहाणे होतात, असं माझं ठाम मत आहे. अडथळ्यांच्या शर्यती, उंच उडी, थोडी भालाफेक, सगळं करू द्या.

सरावाच्या बाकी गोष्टी थोडक्यात. पूर्ण धावेच्या उड्या आठवड्यातून एकदाच, त्याही मोजक्या. बाकीचे दिवस वेग, ताकद आणि आखूड धावेचे. वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज चुकीचा आहे. नीट शिकवणारा माणूस असेल तर सोळाव्या वर्षी वजनाचा व्यायाम हवाच. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि ती कमी पडली तर बाकी सगळं वाया. सप्लिमेंटचे डबे विकत आणू नका. त्यांत बंदी असलेला घटक मिसळलेला निघाला, तर नकळत घेतला म्हणून खेळाडू सहजासहजी सुटत नाही, आणि अठराच्या आतल्यांचीही चाचणी होते.

हे वाचणाऱ्यांत मुलींचे पालकही असतील, म्हणून एक गोष्ट जोर देऊन सांगतो. उडीत हलकं शरीर फायद्याचं दिसतं, आणि त्यामुळे मुली जेवण कमी करायला लागतात, विशेषतः उंच उडीत. एखादा सीझन आकडा सुधारतोही. मग पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला जाणारे बारीक तडे) सुरू होतात. सराव जास्त आहे म्हणून पाळी थांबली, चालायचंच, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पाळी थांबणं ही शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची खूण असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं.

शिक्षण सोडावं का? याचं उत्तर मी भावनेने देत नाही, हिशेबाने देतो. उडीपटूचा सराव वेळेअभावी अडत नाही. सोळा वर्षांचा उडीपटू आठवड्यात पाच दिवस, दिवसाला दोन-अडीच तास नीट काम करू शकतो. त्यापुढे टेंडन आणि स्नायूंना भरून यायलाच वेळ लागतो. दिवसातले आणखी सहा तास मोकळे करून दिले तर त्यांचा उपयोग काय? बहुतेक वेळा ते तास आणखी उड्यांनी भरले जातात, आणि तिथूनच दुखापतींची मालिका चालू होते. वेळ मोकळा करायचाच असेल तर प्रवासाचा करा, झोपेसाठी करा.

आणि आता करिअर. आकडे समोर ठेवू. पॅरिस ऑलिंपिकसाठी पुरुषांच्या लांब उडीची थेट पात्रता होती ८.२७ मीटर. महिलांची ६.८६. या आकड्याला पोचला नाही तर जागतिक क्रमवारीतूनही जागा मिळते, पण त्यासाठी मोठ्या स्पर्धांत वारंवार चांगली कामगिरी लागते. तुमचा मुलगा आत्ता ६.५० वर आहे. म्हणजे अंतर पावणेदोन मीटरच्या वर आहे. हे निराश करण्यासाठी सांगत नाही. सोळाव्या वर्षी हे अंतर कापायला त्याच्यापुढे आठ-दहा वर्षं आहेत. पॉवेलने विश्वविक्रम केला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. कार्ल लुईसने लांब उडीतलं चौथं ऑलिंपिक सुवर्ण १९९६ मध्ये ३५ व्या वर्षी जिंकलं, आणि जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलरने २००० मध्ये लांब उडीतलं सुवर्ण त्याच वयात. लवकर फुलणारेही असतात. युक्रेनची यारोस्लावा माहुचिख १८ वर्षांची असताना २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत उंच उडीचं रौप्य घेऊन गेली आणि २०२४ मध्ये तिने २.१० मीटरचा विश्वविक्रम केला. पण तिच्याकडे बघून आपल्या मुलाचं वेळापत्रक आखू नका.

खरी गळती अठरा ते बावीस या वयात होते. वीस वर्षांखालच्या गटापर्यंत स्पर्धा, निवड, कौतुक सगळं असतं. त्यानंतर एकदम मोठ्यांच्या गटात जावं लागतं, जिथे हा मुलगा एकदम पंधराव्या क्रमांकावर येतो. तेव्हा दुखापत असेल, हातात शिक्षण नसेल, आणि घरची अपेक्षा मानेवर असेल, तर बहुतेक जण सोडून देतात. म्हणून पदवीचं शिक्षण आणि खेळ एकत्र चालेल अशी वाट मी सुचवतो. उंच उडीतला तेजस्विन शंकर अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकत असतानाच तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत दोनदा विजेता झाला.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. या खेळात फक्त उडीवर आयुष्यभर पोट भरणारे जगभरात फार थोडे आहेत. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने ऑलिंपिक सुवर्णाला रोख बक्षीस, ५०,००० डॉलर, दिलं ते पहिल्यांदा २०२४ मध्ये, आणि तेही फक्त सुवर्णाला. बाकीच्यांची घडी शिष्यवृत्ती, नोकरी आणि थोड्याफार प्रायोजकांवर बसते. खेळ संपल्यावरच्या वाटा मात्र चांगल्या आहेत: कोचिंग, फिजिओथेरपी, स्ट्रेंथ ट्रेनिंग, हालचालींचं विश्लेषण. लांब उडीचा चार वेळचा मैदानी जागतिक विजेता आणि २००० चा ऑलिंपिक विजेता, क्युबाचा इवान पेद्रोसो आज जगातल्या उत्तम तिहेरी उडी प्रशिक्षकांपैकी एक आहे. रोहास त्याचीच शिष्या.

कोचांशी कसं बोलायचं, हा तुमचा अडचणीचा भाग असणार. 'मी वाचलंय' म्हणून सुरुवात करू नका. डॉक्टरांचा कागद, वेगाची नोंद, बारा पावलांच्या आणि पूर्ण धावेच्या उड्यांचे आकडे, आणि पाय रेषेपासून किती मागे पडतो त्याची वही घेऊन बसा, आणि विचारा, 'सर, यावरून तुम्हाला काय वाटतं?' चांगला कोच ही वही बघून खूश होतो. आणि वाटेत, गाडीत, जेवताना आकड्यावर चर्चा नको. त्याला आकडा तुमच्याआधी माहीत असतो.

पुढचे चार महिने स्पर्धा नको. गुडघ्याचं काम, आखूड धाव, आणि वेग. त्यानंतर तीन गोष्टी तपासा: स्पर्धेइतक्या जोराच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतंय का, शेवटच्या १० मीटरचा वेळ कमी झाला का, आणि बारा पावलांची अंगठ्यापासून मोजलेली उडी कुठे आहे. गुडघा शांत असेल आणि बारा पावलांची उडी ६.४० च्या पुढे असेल, तर धाव चौदा पावलांवर न्या आणि स्पर्धेत उतरवा. गुडघा दुखतच असेल, तर आकडे कितीही चांगले असले तरी आणखी थांबा. व्हिडिओ पाठवायचा असेल तर बाजूने, कमरेच्या उंचीवरून, शेवटची सहा पावलं आणि टेक-ऑफ दिसेल असा काढा. वाळूत पडल्यानंतरचा भाग नसला तरी चालेल.